गड्ड्यातले गुण

होम मैदानावर ब्रेक डान्सला मी सहा दिले.
उलटी झाली असती तर आठ.
टोराटोराला चार; एक गंजका बोल्ट
सबंध फेरीभर माझ्याकडेच बघत होता.

राजव्वा विडीच्या हिशेबाच्या वहीत
मागच्या पानावर लिहून घेत होती.
ड्रॅगन गाडी: पोराटोरांची. दोन.

तिच्यात अम्मा बसली, एकटीच,
गुडघे हनुवटीपाशी,
तंबाखूनं पिवळी बोटं दांडीवर घट्ट.
पहिल्याच उतारावर ओरडली,
तेलुगूत, लहानपणच्या कुणाचं तरी नाव घेऊन.

खाली आल्यावर पदर सारखा करत म्हणाली,
किती दिलेत?
राजव्वानं दोनवर रेघ मारली,
पुढं काही लिहिलंच नाही.

चाळीस रुपये, म्हणजे दोनशे विड्या.
अम्मा तोवर पुन्हा रांगेत.