तारेला ग्रीस

पाच लिटरचा तेलाचा डबा, चारी बाजूंनी कापलेला,
आत मालदांडी ज्वारी, दोन मुठी.
शेवग्याच्या बुंध्यापासून बाथरूमच्या पत्र्यापर्यंत तार ओढली
आणि मधोमध टांगला.
एप्रिल होता. मंगळवारी पारा त्रेचाळीस.
चिमण्या आल्या तिसऱ्या दिवशी,
खार पहिल्याच.

अशी आली, जणू तार तिच्यासाठीच ओढली होती.
मागचे पाय डब्याच्या काठाला अडकवून
उलटी लटकली,
दाणा दोन हातांत धरून टरफल खाली, गर आत.
भूदेवी म्हणाली, "काय करालाव ओ, उन्हात उभारून?"
म्हटलं, हिशेब.
दोन मुठींतली दीड हिची.

अठ्ठावीस वर्षं जॉबर होतो मी साखर पेठेतल्या शेडमध्ये.
बिघडलेला माग नुसत्या आवाजावरून सांगायचो,
कुठला बोल्ट ढिला, कुठला पट्टा सैल.
एक खार म्हणजे काय?

तारेला ग्रीस फासलं.
घसरली एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा पोटावरनं सरकत आली
आणि जाताना काळे पंजे
भूदेवीच्या वाळत घातलेल्या साडीवर ठेवून गेली.
त्या रात्री माझं ताट मीच वाढून घेतलं.

मग डब्यावर पत्र्याचं नरसाळं. तिनं फांदीवरनं उडी मारली.
मग रिकाम्या कांड्या तारेत ओवल्या,
पाय पडला की गर्रकन फिरतील अशा.
फिरल्या.
तीपण फिरली त्यांच्याबरोबर,
आणि खोटं कशाला बोलू,
तिला ते आवडलं.

शेजारचे इरण्णा मास्तर म्हणाले,
पाखरांना तिखट लागत नाही, खारीला लागतं.
शेंगाचटणीचं तिखट होतंच घरात,
चमचाभर ज्वारीला चोळलं.
चिमण्या खाऊन गेल्या, तोंड वाकडं न करता.
खार आली. एक दाणा. थांबली.
शेपटी बाटलीच्या ब्रशासारखी फुलली,
दोन्ही हातांनी नाक पुसलं,
पाण्याच्या परळाशी जाऊन बराच वेळ प्यायली
आणि परत आली.
सोलापूरचीच ती.
नळ पाचव्या दिवशी येतो आमच्याकडं,
आणि परळ दिवसातनं तीनदा भरू लागलो मी.
भूदेवी म्हणाली, "ज्वारी परवडली."

माग गेले त्याला दोन वर्षं झाली, किलोवर गेले.
शेडमध्ये आता मंडपाच्या खुर्च्या ठेवतात.
मी एक धोटा मागून आणला होता, टीव्हीवर आहे.
तर दुपारी ती कंपाउंडच्या भिंतीवर पळते तेव्हा
बघत बसतो.
डावीकडनं उजवीकडं, खट् थांबा,
उजवीकडनं डावीकडं.
तसाच. फक्त आवाज नाही.
आवाज नसल्यानं
सहा महिने झोप आली नव्हती मला.

मे संपताना मीटरच्या पेटीत घरटं दिसलं.
काथ्या, शेवग्याची साल, बिडीच्या पुड्याचा कागद,
आणि दशा, लाल, हिरव्या.
ओळखल्या.
शेडमधनं निघालेली शेवटची चादर,
खाटेवर असते माझ्या.
काठापासून उसवत नेली होती तिनं, धागा न तोडता,
शिकलेल्या कामगारासारखी.
आत तीन पिल्लं, डोळे मिटलेली,
ओल्या शेंगेतल्या दाण्याएवढी गुलाबी.

रीडिंग घ्यायला पोरगा आला.
म्हटलं, पेटी उघडू नको, काचेतनं बघ.
वाकून बघितलं त्यानं, मोबाइलचा उजेड पाडून.
"काका, आकडा दिसंना, केस दिसालेत."
म्हटलं, मागच्या महिन्याएवढंच लिही.

ज्वारी आता तीन मुठी घालतो.
ग्रीस अजून लावतो, रविवारी, थोडंसं,
हाताची सवय जाऊ नये म्हणून.
भूदेवी साड्या गच्चीवर वाळत घालते.