काट्याची तहान

ग्युमरीत नोव्हेंबरातच दुकानाची काच आतून गोठते.
वार्दगेसकाकांनी टेबलावर कोडं मांडलंय माझ्यासाठी:
बारा व्होल्टची बॅटरी,
एकामागे एक दोन रेझिस्टर, दोन्ही एकेक मेगओहमचे.
मधल्या सांध्यावर किती?
सहा, मी म्हटलं. हे काय विचारणं झालं?
मोज, म्हणाले.

जुना मीटर, बेकलाइटचा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला.
दहाच्या पट्टीवर ठेवला.
काटा उठला, थबकला,
आणि पावणेदोनच्या अलीकडेच बसकण मारली त्याने.

मी एक रेझिस्टर बदलला. पावणेदोन.
दुसरा बदलला. पावणेदोन.
नव्याने डाख दिला, बोट भाजून घेतलं,
बॅटरीवरही संशय घेतला.
काका सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले.
मग हात लांब करून त्यांनी खटका फिरवला,
पन्नासच्या पट्टीवर.
चार.
तोच सांधा, तीच बॅटरी.

"तहान," ते म्हणाले.
"काटा हलायला काहीतरी लागतंच ना?
ज्याला विचारतो, त्याच्याकडूनच घेतो.
दहाच्या पट्टीवर ह्याच्या पोटात दोन लाख ओहम,
तुझ्या रेझिस्टरचा पाचवा हिस्सा.
धार तिकडेच वळणार.
आणि खोटं नाही बोलत हा.
तो टेकलेला असतो तेव्हा
तिथे खरंच पावणेदोन असतात."

नवा डिजिटल लावून पाहिला, आतून एक कोटीचा.
पाच पूर्णांक सात.
"मग सहा कधी?"
"कुणी नसताना."
बियांची टरफलं त्यांनी हाताने गोळा केली.
"पण ते दोन्ही चुकलेले आकडे लिहून ठेव.
सहा त्यांच्या मध्ये नाही सापडत,
त्यांच्या पलीकडे सापडतात. कागदावर."

घरी आई ताट वाढता वाढता विचारते,
झोप लागली का, स्मबात?
काय पाहिलंस रे तिथे सरहद्दीवर?
दर प्रश्नाला भावाचा आवाज
एक घर खाली उतरतो,
आणि आई तोच आकडा शेजारणीला सांगते.

आज मी खिशातून बिया आणल्या.
दिवा न लावता त्याच्या शेजारी बसले.
पाऊण तास नुसती टरफलं.
मग विचारलं,
मीठ जास्त आहे का?

खूप वेळाने तो म्हणाला,
थोडं.