जुनं करण्याचा दर

नवं करायचे मी चौरस फुटावर घेतो.
जुनं करायचा दर मला माहीत नव्हता,
म्हणून आसगावच्या बाईंना म्हटलं, काम बघून सांगतो.

टेबल नवंकोरं, सागाचं, आठ माणसांचं,
अजून रंध्याखालचा वास न गेलेलं.
"शंभर वर्षांचं दिसायला हवं," त्या म्हणाल्या,
"पण डुगडुगायला नको."

कुंकळ्ळीच्या माझ्या शेडमध्ये
माडाच्या विनागरात गंजके खिळे
आठवडाभर पडून होते.
आधी लाकडाला कोरा चहा पाजला, कडक.
सुकल्यावर वरून खिळ्यांचं पाणी.
साग लगेच काही बोलत नाही.
मग डोळ्यांदेखत काळवंडतो,
बातमी कळल्यासारखा.

सायकलच्या चेनने मारलं, फार नाही.
दाभणाने किडीची भोकं.
आग्नेल ती रांगेत पाडत होता, शाळेतल्यासारखी.
अरे, किडा काय पट्टी घेऊन बसतो?

कड कुठे झिजवायची, यावर अडलो.
माणूस बसतो तिथेच झिजते कड.
म्हणजे आधी माणसं हवीत.
तेव्हा टोकाशी एक म्हातारा बसवला, डावखुरा.
त्याच्या कोपराची जागा
दोनशेवीसच्या कागदाने घासत गेलो दुपारभर.
ग्लास त्याचा डावीकडे: एक काळपट वर्तुळ,
त्याला छेदणारं दुसरं.
दुसऱ्या ग्लासाला तो नाही म्हणत नसे.
त्याच्या बायकोच्या जागी कड जवळजवळ कोरीच ठेवली.
ती बसून जेवलीच किती वेळा!
आणि खाली, फळीच्या पोटाला,
एका पोराने खिळ्याने कोरलेलं अर्धं अक्षर.
ते बिलात धरलं नाही.

लाख रात्रभर स्पिरिटमध्ये,
सकाळी मलमलीतून गाळून.
बोळ्याला अळशीच्या तेलाचा एक थेंब.
मग आठ काढत जायचं, इंग्रजी आठ.
आपला आठ उघडा राहतो,
आणि हात उघड्यावर थांबला की बोळा चिकटलाच.
वडील एवढंच शिकवून गेले:
थांबायचं तर उचलून थांब.

दोन वर्षांनी फोन आला.
गेलो तर पाहुणे जेवून उठत होते.
बाई सांगत होत्या, "लोटलीच्या एका घरातलं.
म्हातारा डावखुरा होता त्यांचा."
हे मी कुणाला बोललो नव्हतो.

मला बोलावलं होतं एका डागासाठी.
पांढरं वर्तुळ, बशीएवढं.
मुलीला ताप होता, रात्री घाईत
उकळत्या पेजेचं भांडं तसंच टेकवलेलं.
"एवढा काढा," बाई म्हणाल्या,
"बाकीचे असू देत. बाकीचे जुने आहेत."

पांढरा डाग म्हणजे लाखेत अडकलेली वाफ.
बोळा ओला म्हणावा इतकाही ओला नको,
नुसती वाट करून द्यायची.
पहिल्या हाताला फिका झाला.
मुलगी शेजारी येऊन उभी, बोट लावू पाहत.
दुसऱ्या हाताला निम्मा गेला,
तिसऱ्याला एक कोर उरली, नखाएवढी,
खिडकीकडे तोंड करून वाकलं तरच दिसणारी.

बोळा उचलला.
झालं, म्हटलं.
बाईंनी विचारलं, किती?
चौरस फुटावर काही होतच नव्हतं.
बसभाडं घेतलं, येण्याचं आणि जाण्याचं.