एका खिडकीचे पाच फोटो

त्स्कालतुबोच्या सॅनेटोरियममध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे कोळशाच्या खाणीतली माणसं
सरकारी चिठ्ठीवर गुडघे शेकायला यायची,
मी ट्रायपॉडचे पाय रोवतो.
एक लाकडी फरशीवर, एक उखडलेल्या फरशीवर,
तिसऱ्याखाली काडेपेटी.
पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत
श्वास धरून ठेवतो. उगीचच.
बुडबुड्याला काय त्याचं.

अडचण नेहमीचीच.
खिडकी धरावी तर खोलीची विहीर होते,
खोली धरावी तर खिडकीतून नुसतं दूध सांडतं.
डोळा हे काम दिवसभर करतो, फुकट, कुरकुर न करता.
कॅमेऱ्याला पाचदा विचारावं लागतं.

पहिला, सगळ्यांत काळा:
यात फक्त बाहेरचं. समोरच्या इमारतीच्या बाल्कनीतून
उगवलेलं अंजीर, पानांच्या शिरांसकट,
आणि दोरीवर कुणाची तरी चादर.
दुसऱ्यात चौकट उगवते.
तिसऱ्यात भिंतीचे पापुद्रे, पिस्तारंगी,
आणि त्यांच्याखाली त्याहून जुना निळा.
चौथ्यात छतावरची प्लास्टरची द्राक्षवेल,
निम्मे घड गळून गेलेले.
पाचव्यात खिडकी जळून जाते
आणि कोपरा तोंड उघडतो:
रेडिएटरच्या जागी चार भोकं,
एक बादली.
बादली स्वच्छ होती.
हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आठ सेकंदांचा होता तो पाचवा.
तिसऱ्या सेकंदाला ती आली,
कॅमेऱ्यासमोरून, चपला फटफटवत,
बादली उचलली.
"पाणी सातपर्यंतच असतं," म्हणाली.
माफी मागितल्यासारखं नाही,
बसची वेळ सांगावी तसं.

नाझिब्रोला. ओचामचिरेहून आलेली,
त्र्याण्णव साली, दोन आठवड्यांसाठी.
खोली क्रमांक तीनशे अठरा; दारावरचा आठ
तिने स्वतः रंगवलाय, जरा लठ्ठ.
"मागे पोलंडचा एक आला होता," ती सांगते,
"मला म्हणाला, जरा बाजूला व्हा.
झाले. घरही माझंच, बाजूही माझीच."
बोटभर कपात कॉफी देते.
गाळात काही बघत नाही. कप विसळून
पालथा घालते.

रात्री कुताइसीत, स्वयंपाकघराच्या टेबलावर,
मी पाचांचा एक करायला घेतो.
त्या खिडकीत एक छोटा चौकोन असतो,
आधीच खूण केलेला: भुतं काढून टाका.
यंत्राची व्याख्या सरळ आहे.
पाच वेळा पाहूनही जागेवर सापडत नाही ते भूत.
कुत्रं. पान. धूर.
गेल्या वर्षीचे, त्याच्या आधीचे माझे फोटो:
चिआतुरा, त्किबुली, ती बंद शाळा.
सगळीकडे ही खूण तशीच होती.
किती स्वच्छ आले होते ते.
लोक लिहायचे, काय शांतता पकडलीस, बेसो.

मी खूण पुसतो.
खोलीत एक राखाडी ओरखडा उमटतो,
कडेला हिरवट झळाळी,
त्यातून आरपार दिसणारी भिंत,
आणि बादली, जी आहेही आणि गेलीही आहे.
फोटो म्हणून हा बिघडलेलाच.
मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसतो.
बायको विचारते, झोपणार आहेस का.

पुढच्या रविवारी छापून घेऊन गेलो,
पुठ्ठ्यात घालून, दुमडू नये म्हणून.
तिने चष्मा शोधला, मग उजेड शोधला,
दारात जाऊन उभी राहिली.
ओरखड्यावर बोट ठेवून मी म्हणालो, ह्या तुम्ही.
तिने मान डोलावली, ऐकल्यासारखी.
मग नखाने खिडकीच्या आत, पार मागे,
पहिल्या काळ्या फोटोतून आलेल्या
त्या इवल्या पांढऱ्यावर टकटक केलं.

"ही माझी चादर," म्हणाली.
"बघ, कशी निघालीय.
त्या दिवशी साबण नव्हता, तरी."