चिंचोके

डाव्या खिशात सत्तर चिंचोके घेऊन येतो मी
गांधी मैदानावर, सकाळी साडेसहाला.
तन्वीरनं एक चेंडू फेकला
की एक चिंचोका उजव्या खिशात.
डावा खिसा रिता झाला की संपलं,
मग बॅट घेऊन समोर कुणी का उभा असेना.

तालमीतले वस्ताद लांबून हसतात.
त्यांच्याकडं मोजणं म्हणजे चढणं,
पाचशे जोर, हजार बैठका,
आकडा वाढला की पोरगं वाढलं.
माझ्याकडं मोजणं म्हणजे थांबणं.
"मास्तर, पोराला चिमटीनं खर्चताय व्हय?"
मी चहाचा कप उचलतो.
उजवा कोपर सरळ होत नाही माझा.
सत्त्याण्णव साली, एका रविवारी,
तीन मॅच आणि पिचर एकच.
त्या दिवशी टाळ्या तेवढ्या मोजल्या सगळ्यांनी.

तन्वीरचा बाप शिरोलीत लेथवर.
"सर, माझा ओव्हरटाईम कोण मोजतंय?
तेरा वर्षांचं पोरगं ते, दमतंय कुठं!"
विचारलं, टूल धारेला कधी काढता?
"आवाज बदलला की."
आणि पोराच्या खांद्याचा आवाज
तुम्हाला ऐकू येतो का, शिकलगार?
त्यांनी बराच वेळ हात पुसले,
पुसलेलेच.

सांगलीत सेमीफायनल.
शेवटची इनिंग, दोन आऊट, तिन्ही बेस भरलेले,
माझा डावा खिसा सपाट.
चालत गेलो त्याच्याकडं.
"सर, एक मोजलाच नाही म्हणा की."
चेंडू पाठीमागं धरलेला,
धाकट्या भावापासून पेढा लपवावा तसा.
मी हात पुढं केला.
भोपळ्यांच्या ओंकारनं मग काय केलं
ते राहू दे.
परतीच्या वडापात अंकलीच्या पुलापर्यंत
कुणी खोकलंसुद्धा नाही.

एक कबुली द्यायची राहिली.
अंगातलं सगळं ओतून तो फेकायचा
तेव्हा मी दोन चिंचोके सरकवायचो.
म्हणजे सत्तर कधी सत्तर नव्हतेच.

चार दिवस विश्रांती, म्हणालो होतो.
पाचव्या दिवशी आला,
माझ्या हातावर मक्याचे दाणे ओतले.
"हे काय रं?"
"घरामागच्या भिंतीवर मारलेले. रात्रीचे."
मोजले. एकशे बावन्न.
माझं सगळं गणित त्या भिंतीपाशी जाऊन पडलं.
ओरडायला तोंड उघडलं,
तर तो उभा होता, नजर खाली न घालता.
एकही दाणा मागं ठेवला नव्हता त्यानं.
मी मात्र चिंचोक्यांचं
अजून सांगितलेलं नाही.

कट्ट्यावर बसलो दोघं.
समोर कबुतरं उतरली.
त्यानं माझ्या हातातले दाणे उचलले,
खांदा मागं नेला,
आणि मी म्हणालो,
डाव्या हातानं.