न बसवलेल्या फरश्या

आमच्या धंद्यात कार्ड म्हणजे लग्नाचं.
वर गणपती, कोपऱ्याला हळदीचं बोट लावायला जागा.
खणभागातल्या या बोळात
तीस वर्षं मी दुसऱ्यांचे मुहूर्त छापतोय.

गिऱ्हाईक म्हणतं, अक्षता पडू देत, मग हिशेब.
कागदवाला म्हणतो, आधी रोख, मग रीम.
या दोघांच्या मधले दिवस
कुठल्याच पंचांगात नसतात.
तिथं आम्ही राहतो.

दुसरं कार्ड त्रिशलानं शोधलं.
पतसंस्थेच्या जामीनदारांना चहा पाजून दमल्यावर,
भिशीचा नंबर वैशाखाशिवाय लागत नाही हे कळल्यावर
एका रात्री तिनं बँकेचा कागद वाचला,
भिंग लावून, मी प्रूफ वाचतो तसा.
म्हणाली, बिल बाराला निघतं.
तेरा जानेवारीला घासलं
तर दोन मार्चपर्यंत कुणी विचारत नाही.
अठ्ठेचाळीस दिवस.
पण एटीएममधनं नोटा काढायच्या नाहीत हं,
तिथं त्याच मिनिटाला मीटर पडतं.

म्हणून मिरजेला, दस्तगीरच्या टाइल्सच्या दुकानात.
ऐंशी हजार घासायचे.
बाराशे त्याचे, शेकडा दीड, तेही दोस्तीत.
उरलेले मोजून, रबर लावून, जेवणाच्या डब्याखाली.
बिलावर कधी व्हिट्रिफाइड, दोन बाय दोन, आयव्हरी,
कधी न्हाणीसाठी निळ्या.
यंत्र च्यां करून पावती काढतं
आणि दस्तगीर पंख्याकडे बघत म्हणतो,
हे आपल्यातच बरं का भाऊ.

परतताना विश्रामबागच्या सिग्नलला
ती मागे बसून वर्षाचा दर काढते.
साडेअकराच्या जरा आत.
सावकाराचे महिन्याला तीन.
आरशात तिचे ओठ हलताना दिसतात,
लोकांना वाटत असेल णमोकार म्हणतेय.

चार हंगाम झाले.
एकदाच चुकलो.
कवठेमहांकाळच्या पार्टीचं लग्न मोडलं,
पाचशे पत्रिका गठ्ठ्यातच, वराचं नाव सोनेरी.
दोन तारीख रविवार होती, आम्ही सोमवारी भरले.
त्या एका दिवसानं
झोपलेले अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जागे झाले
आणि आपापलं व्याज मागत दारात उभे राहिले.
त्रिशला काही बोलली नाही.
त्या महिन्यात आमटी पातळ होती,
आणि कॅलेंडरवरचे सगळे रविवार
तिनं काळ्या शाईनं गिरवून साधे वार केले.

परवा तिनं जुनी बिलं पसरली.
म्हणाली, अहो, सोळा हजार चौरस फूट होतंय.
जिन्यासकट, गच्चीसकट.
मी म्हणालो, न्हाण्या किती?
दोन. दोन्ही निळ्या.
मग आम्ही दोघं खाली बघत बसलो,
आमच्या शहाबादीकडे,
जिच्या सांध्यांत पुराचा गाळ अजून आहे
आणि चुलीपाशी एक फरशी
पाय पडला की अजून डुगडुगते.

यंदा तीन दिवस आधीच सगळं भरून झालं.
ती एकटी मिरजेला गेली, कार्ड घरी ठेवून.
दस्तगीरकडे एक फरशी मागितली.
एकच? हो, एकच, आयव्हरी.
तो पैसे घेईना.
ती म्हणाली, दोनशे चाळीस घ्या
आणि पावती द्या.
एक तरी खरी असू दे.

कुठं बसवायची ते ठरलेलं नाही.
सध्या कटिंग मशीनशेजारी
भिंतीला टेकून उभी आहे, पुठ्ठ्यासकट.
तेरा तारीख आली
की आम्ही तिला वळसा घालून
गाडी बाहेर काढतो.