पाव पान

पहाटे पावणेपाचला झेरॉक्सचं मशीन तापायला ठेवतो
तेव्हा सेलूत जागे असतात
स्टेशनवरचा चहावाला, मी,
आणि एखादी मालगाडी
जिला कुठंच पोचायची घाई नसते.

एका कागदाचे चार तुकडे.
तुकड्यावर एक गोष्ट. रोज नवी, आणि खरी.
महिन्याला वीस रुपये, वर्गणीदार त्रेसष्ट,
त्यातले अकरा फुकटे,
पण आधी वाचतात ते तेच.

जिराफाच्या मानेत हाडं सात, आपल्याइतकीच.
शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षाहून मोठा.
ऑक्टोपसला तीन हृदयं.
यावर खमरोद्दीन टेलर गळ्यातल्या टेपशी खेळत म्हणाला,
"मग त्याच्या शर्टाला खिसे किती लावायचे?"

उंटाच्या वशिंडात पाणी नसतं, चरबी असते,
हे छापलं तो नळाचा नववा कोरडा दिवस होता.
शाळेतल्या शिपाई चंद्रभागाबाई साळवे
घंटा देऊन आल्या, उभ्याउभ्या वाचलं,
"बरं झालं बाबा सांगितलंस.
आता उंटाची बी आशा सुटली."

मग ते सोनमाशाचं झालं.
'त्याची आठवण फक्त तीन सेकंद टिकते,'
कुठल्याशा प्रश्नमंजूषेच्या पुस्तकातून उचललेलं.
सव्वासातला बालाजी दळे आला,
गिऱ्हाइकाच्या एका गालावर साबण तसाच ठेवून.
"हे काहून छापलं?"
हाताला धरून दुकानात नेलं.
खाण्याच्या डबीवर कंगव्यानं टकटक केलं,
दोन्ही मासे काचेशी, तोंडं उघडून.
पावडरच्या डब्यावर केलं,
ढिम्म.
"चार महिने झाले, ओळखतात मला.
तुमची काय ओळख हाय त्यांची?"
आरशात अर्ध्या साबणाचा माणूस
माझ्याकडं बघत होता.

रात्री नीट शोधलं. बालाजी बरोबर होता.
दुसऱ्या दिवशी सबंध पाव पान माफीचं:
काल छापलं ते खोटं. माशांना महिनोन् महिने आठवतं.
पुरावा दळे यांच्या दुकानात. चहा आपापला.
सोमाणी मेडिकलनं वर्गणी बंद केली,
"खोटं वाचायला घरी पेपर येतोच की."
उरलेल्या नऊ दिवसांचे सहा रुपये परत दिले,
त्यांनी मोजून घेतले.
त्या आठवड्यात मात्र
ज्यांना केस नाहीत तेही कटिंगला गेले.

आणि एकदा काहीच नव्हतं माझ्याकडं.
पुस्तकं चाळून झालेली, लाईट गेलेली,
मशीन थंड.
नगरपालिकेचा व्हॉल्व्हवाला चहा पिता पिता जे बोलला
तेच हातानं लिहीत बसलो, मेणबत्तीत, त्रेसष्ट वेळा:
उद्या पहाटे साडेतीनला नळ.
आधी स्टेशन रोड, मग खालचा मोहल्ला.

दहाच्या आत चिठ्ठ्या संपल्या.
सोमाणींचा पोरगा दोनदा येऊन गेला.
चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आज खरी चिठ्ठी निघाली बघ तुझी."
मी हसलो. लागलं थोडं.
तीन वर्षं जिराफ, शुक्र, समुद्राचा तळ
गल्लीगल्लीत टाकत हिंडलो सायकलवर,
आणि गाव माझं नाव घेऊ लागलं
एका पाईपलाईनमुळं.

दुसऱ्या पहाटे अंधारात सगळीकडं घागरींचा आवाज.
खमरोद्दीन पायजमा खोचून, बादली भरायला लावून,
दारातून ओरडला,
"ओ पावपानवाले!
तुमच्या त्या शुक्रावर दिवस वर्षापेक्षा लांब ना?
मग तिकडं एकाआड एक दिवस नळ आला
तरी दोन वर्षं पुरवावं लागत असंल एक बादली!"

हे छापता येत नाही.
खरं नाही ते.
तरी सायकल भिंतीला टेकवली
आणि उरलेल्या एका चिठ्ठीच्या पाठीमागं
लिहून घेतलं.